अलिबागचा किनारा आणि कुलाबा किल्ला: आधी पाणी बघा, मग खोली ठरवा

अलिबागसमोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. पण अलिबागला येणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. आधी सुट्टी बघायची, मग खोली, मग बोट किंवा गाडी, आणि समुद्राचा विचार थेट किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर. मग दुपारी बाराला भर भरतीत पोहोचलेली मंडळी किल्ल्याकडे बघत उन्हात उभी राहतात. संध्याकाळी ओहोटीला किल्ल्यावर गेलेल्यांना अंधार पडता पडता गुडघाभर पाण्यातून मुलांना खांद्यावर घेऊन परतावं लागतं. कोणी ओल्या वाळूत गाडी घालतं आणि ट्रॅक्टर शोधत फिरतं. या सगळ्यामागे चूक एकच असते, क्रम उलटा लागलेला असतो.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले दोन घरबसल्या करायचे आहेत आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत. ते नीट झाले की बाकीची सहल बरीचशी आपोआप मार्गी लागते.

## टप्पा १: तिथीवरून दिवस निवडा

भरती-ओहोटी घड्याळावर चालत नाही, चंद्रावर चालते. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे "मागच्या रविवारी दहाला गेलो होतो, चालत जाता आलं" हा मित्राचा अनुभव या रविवारी उपयोगाचा नाही.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणा, ४ ने भागा. उत्तर येईल त्या सुमाराला पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो.

पंचमी घ्या. ५ गुणिले ३ म्हणजे १५, भागिले ४ म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहा-दहाला ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, ओहोटी भर दुपारी बाराला. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचला. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पूर्ण भरती बाराच्या आसपास होते. म्हणून या दोन दिवशी मध्यान्हीला किनाऱ्यावर पाणीच पाणी असतं आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला येते.

हा हिशेब अंदाजापुरताच वापरायचा. त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, कारण तिथी मध्यरात्री बदलत नाही, दिवसात कधीही बदलते. महिनाभर आधी दिवस निवडायला तो पुरेसा आहे. त्याच्या भरवशावर पाण्यात मात्र उतरायचं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ओहोटीची वेळ सोयीची असली म्हणजे ओहोटी पुरेशी उतरेलच असं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे अष्टमीला दुपारी बाराची ओहोटी कागदावर छान दिसते, पण किल्ल्याच्या वाटेवरचं पाणी पुरतं सरेलच याची खात्री नसते.

शिवाय उधाणाचा खरा जोर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी नसतो, एक-दोन दिवसांनंतर येतो. हे सगळं जुळवलं की किल्ल्यासाठी चांगले दिवस आपोआप समोर येतात: पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया, चतुर्थी, पंचमी. ओहोटी सकाळी सव्वाआठ ते दहाच्या दरम्यान, पाणी बऱ्यापैकी उतरलेलं, ऊन अजून तापलेलं नाही आणि परतायला अख्खा दिवस हाताशी. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे चतुर्थीला भाविकांची गर्दी होते. शांतपणे बघायचं असेल तर तृतीया किंवा पंचमी घ्या.

एकादशी ते त्रयोदशी हा दुसरा पर्याय. ओहोटी दुपारी अडीच ते चारला, पण पाणी तृतीयेइतकं उतरत नाही आणि ऊन डोक्यावर असतं.

> तपासा: निवडलेली तारीख कोणत्या तिथीची आहे हे पंचांगात बघितलंत का? ओहोटी सकाळी आठ ते अकराच्या आत, किंवा दुसऱ्या पर्यायात दुपारी अडीच ते चारला, येते का? येत नसेल तर किल्ल्याचा बेत सोडा किंवा तारीख बदला. खोली अजून ठरवायची नाही.

## टप्पा २: तक्त्यात वेळ आणि उंची पक्की करा

तारीख ठरली की भरती-ओहोटीचा तक्ता बघा. अलिबागसाठी मुंबईचा, म्हणजे अपोलो बंदराचा तक्ता चालतो. दोन्हीकडच्या वेळांत फारसा फरक नाही. तक्त्यात बहुतेक दिवशी चार ओळी असतात, दोन भरत्यांच्या आणि दोन ओहोट्यांच्या. प्रत्येकीपुढे वेळ आणि पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते.

लोक वेळ वाचतात आणि उंची सोडून देतात. खरं तर उंचीच जास्त बोलते. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. सकाळची अर्ध्या मीटरवर आणि संध्याकाळची दीड मीटरवर असंही होतं. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या आत असेल तर वाट चांगली मोकळी होण्याची आशा धरा. आकडा दीडच्या पुढे गेला तर चालत जाण्याचा बेत मनातून काढून टाका आणि बोटीचा विचार करा.

फोनवरच्या अॅपमध्ये बघत असाल तर दोन गोष्टी आधी पाहून घ्या. ठिकाण मुंबईच आहे ना, आणि उंची फुटांत तर दाखवत नाही ना? फुटांतला ३ हा आकडा मीटरमधल्या ३ पेक्षा फार वेगळा.

तक्त्यातले चारही आकडे कागदावर लिहून घ्या. फोन भिजतो, बंद पडतो, वाळूत हरवतो. घरातल्या एका मोठ्या माणसाच्या खिशात तो कागद असू द्या.

> सावध: जून ते ऑगस्ट हा हिशेब गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात वारा आणि लाटा तक्त्याला जुमानत नाहीत. ओहोटीच्या वेळेलाही वाटेवर लाटा फुटत राहतात. पावसाळ्यातलं अलिबाग सुरुबनातून, रस्त्यावरून, जेट्टीवरून बघायचं. किल्ल्याकडे चालत निघायचं नाही आणि पाण्यातही उतरायचं नाही.

## टप्पा ३: आता प्रवास आणि मुक्काम

ओहोटी सकाळी नऊची असेल तर त्याच सकाळी मुंबईहून निघून वेळ गाठणं कठीण. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून मुक्काम करा. एका दिवसात परतायचंच असेल तर ओहोटी साडेअकराच्या पुढची हवी. ती सहसा भांगाच्या दिवसांत येते, म्हणजे किल्ला हुकण्याची तयारी ठेवूनच निघायचं.

गेटवेवरून बोटीने: गेटवे ऑफ इंडियाहून मांडवा जेट्टी साधारण तासाभराची. बोट कंपन्यांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, म्हणून तिकीट बोटीतून उतरल्यावर फेकू नका, बसमध्ये दाखवावं लागतं. मांडवा ते अलिबाग बसला पाऊण तास धरा. बस तुमच्या बोटीच्या लोकांसाठी उभी असते, त्यामुळे उतरल्यावर जेट्टीवर फोटो काढत रेंगाळलात तर बसायला जागा उरत नाही. या बोटी पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, बंद असतात.

रो-रोने: भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते, तिच्यात गाडी चढवता येते. शनिवार-रविवारी गाडीची जागा आधी आरक्षित केल्याशिवाय निघू नका. सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी धक्क्यावर हजर व्हा, गाड्या आधी चढवून घेतात. पावसाळ्यातही ती चालते, पण हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. निघण्यापूर्वी चौकशी करा. आणि नीट लक्षात घ्या, रो-रो भाऊच्या धक्क्यावरून सुटते, गेटवेवरून नाही. चुकीच्या धक्क्यावर पोहोचणारी कुटुंबं दर सुट्टीला दिसतात.

रस्त्याने: पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. पुण्याहून येणाऱ्यांनी खोपोलीहून पेणला उतरावं. वडखळ नाक्यावर अलिबागचा आणि गोव्याकडे जाणारा रस्ता वेगळे होतात आणि सुट्टीच्या सकाळी तिथे गाड्या तुंबतात. नकाशा दाखवतो त्या वेळेत शनिवारी किमान एक तास जास्तीचा धरा.

खोली घेताना "समुद्राजवळ" या शब्दावर जाऊ नका. नागाव, आक्षी, वरसोली, किहीम, सगळीकडची घरं स्वतःला अलिबागची म्हणवतात आणि त्यात खोटं काही नाही, पण कुलाबा किल्ल्याची वाट फक्त अलिबाग गावाच्या किनाऱ्यावरून निघते. सकाळची ओहोटी गाठायची असेल तर मुक्काम गावात किंवा वरसोलीत बरा.

## टप्पा ४: पिशवी भरताना

बाकी सामान तुमचं तुम्हाला कळतं. पुढच्या गोष्टी मात्र बहुतेकांकडे नसतात.

- मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. किल्ल्याच्या वाटेवर आणि पायथ्याशी खडक आहेत. त्यांच्यावर कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी लागते. साध्या चपला चिखलात रुतून तुटतात, अनवाणी पाय कापतात.
- झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन आणि त्याला बांधलेली दहा-बारा मीटर दोरी. कोणी पाण्यात अडकलं तर फेकायला. वजन नगण्य, उपयोग मोठा.
- माणशी एक लिटर पिण्याचं पाणी. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका.
- टोपी. ओढणी किंवा पंचाही चालेल. वाळूवर सावली नाही.
- फोनसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, रबर बँड.
- निर्जंतुक पट्टी, चिकटपट्टी, चिमटा.

मुलांचे कपडे भडक रंगाचे घ्या. केशरी, लाल, पिवळा. निळ्या-करड्या कपड्यातलं मूल पाण्याच्या कडेला गर्दीत पटकन दिसत नाही.

## टप्पा ५: किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

पोहोचल्या पोहोचल्या पाण्याकडे धावायचं नाही. आधी गाडी. ती गावातच लावा, वाळूवर नेऊच नका. अलिबागची वाळू काळसर आणि ओहोटीला दिसायला अगदी कडक, तिथेच फसगत होते. वरचा थर कडक असतो, खाली पाणी मुरलेलं असतं. चाक एकदा फिरलं की गाडी पोटापर्यंत बसते. किनाऱ्यावर वाहन नेण्याला बंदी आहे, पण दंडापेक्षा मोठं नुकसान खाऱ्या पाण्याचं. इंजिनात ते एकदा शिरलं की गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

कोणाची रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. माणसं उतरवा, चाकापुढची वाळू उपसा, टायरमधली हवा कमी करा, फळ्या किंवा पायपुसणी चाकाखाली घाला आणि लगेच ट्रॅक्टरसाठी स्थानिक माणसाला गाठा. आधी स्वतः तासभर प्रयत्न करून मग मदत मागितली तर तोवर भरती पोहोचलेली असते.

मग माणसं. घोडागाडीवाले आणि नारळपाणी विकणाऱ्या मावशी रोज तेच पाणी बघत असतात. त्यांना विचारा: "दादा, आज वाट किती वाजेपर्यंत मोकळी? परत कधी निघावं?" "किल्ल्यावर जाता येईल का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं, कारण घोडागाडी पाण्यातूनही जाते. परतीची वेळ विचारली की खरी माहिती मिळते. दोघांना विचारा. त्यांची वेळ तुमच्या कागदावरच्या वेळेशी जुळते का बघा. जुळत नसेल तर दोन्हींतली लवकरची वेळ खरी धरा.

> तपासा: सगळ्यांना परत जमायची जागा दाखवलीत का? "इथेच भेटू" पुरत नाही, वाळूवर सगळं सारखंच दिसतं. रस्त्यावरची एखादी ठळक खूण ठरवा आणि लहान मुलांना तिथपर्यंत नेऊन दाखवा. मुलांच्या हातावर बॉलपेनने फोन नंबर लिहा.

## टप्पा ६: किल्ल्याची वाट

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो. लोक ओहोटीची वेळ म्हणजे निघायची वेळ समजतात. तक्त्यात ९.१५ लिहिलं आहे म्हणून ९.१५ ला चालायला लागतात. प्रत्यक्षात ९.१५ ला पाणी सर्वांत खाली असतं आणि लगेच चढायला लागतं. ती परतायला लागायची वेळ आहे, निघायची नव्हे.

बरोबर क्रम असा:

१. ओहोटीच्या दीड ते दोन तास आधी किनाऱ्यावर हजर. ९.१५ ची ओहोटी असेल तर साडेसातला.

२. वाट मोकळी होताना दिसली, आणि स्थानिक लोक चालायला लागले, की निघा. गुडघ्याच्या खाली पाणी असेल तर मोठ्या माणसांना चालेल. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर घोट्याच्या वर नको.

३. सगळे चालतात त्याच पट्ट्यातून चाला. मध्येच दिसणारे शंख किंवा कोरडा दिसणारा दुसरा उंचवटा यांच्यासाठी बाजूला जाऊ नका. तिथे मऊ चिखल आणि खड्डे असतात.

४. पाण्यातून जाताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत पुढे न्या. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट (चपटा मासा, स्टिंगरे) बसलेली असते. पाय घासला की ती आधीच निसटते, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते.

५. किल्ल्यात पोहोचल्यावर घड्याळ बघा आणि मोठ्याने ठरवा: "इतक्या वाजता दरवाजात." किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिकीट काढावं लागतं. देऊळ, पुष्करणी, तटावरून फेरी आणि उत्तरेला सर्जेकोट या छोट्या जोडकिल्ल्याकडे नजर टाकायला एक तास पुरतो.

६. ओहोटीच्या वेळेला परतीची पहिली पावलं पडलीच पाहिजेत. फार तर अर्धा तास उशीर. त्यापुढे नाही.

अर्ध्या तासाचा आग्रह का? भरतीचं पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात फार थोडं चढतं, म्हणून वाटतं की अजून वेळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी येतं. शिवाय ते समोरून रांगेत येत नाही. सखल भाग आधी भरतात, त्यामुळे तुम्ही कोरड्या उंचवट्यावर उभे असता आणि किनारा व तुमच्यामध्ये पाणी शिरलेलं असतं.

घोडागाडीने जाणार असाल तर दर ठरवताना तीन गोष्टी एकाच वाक्यात बोला: येण्याजाण्याचे पैसे, माणशी की गाडीचे, आणि किल्ल्यावर किती वेळ थांबणार. परतीची गाडी तीच असेल का हेही विचारा. घोडा दमलेला किंवा लंगडताना दिसला तर ती गाडी घेऊ नका, त्याच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

> सावध: किल्ल्यात अडकलात आणि वाटेवर पाणी गुडघ्याच्या वर आलं असेल तर उतरू नका. किल्ला बुडत नाही. तिथेच थांबा, तिथल्या माणसांना सांगा, बोट मागवा किंवा पुढच्या ओहोटीची वाट बघा. पुढची ओहोटी बारा-साडेबारा तासांनी येते, ती रात्रीची असेल तर चालत निघायचं नाही. गैरसोय होईल, पण जीव जात नाही. जीव जातो तो "अजून जमेल" म्हणून उतरलेल्यांचा.

## टप्पा ७: पाण्यात उतरणं

आंघोळीची योग्य वेळ किल्ल्याच्या वेळेच्या उलट असते. भरती चढत असताना, तिच्या शेवटच्या दोन तासांत पाणी किनाऱ्याजवळ असतं, लाटा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात आणि तुम्ही लोकांच्या नजरेत असता. ओहोटी लागली की पाण्याला ओढ येते. किनाऱ्यावरची माणसं "ओढ आहे, बाहेर या" म्हणतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका.

कमरेपर्यंत पाणी ही सीमा धरा. पोहता येणाऱ्यांनीसुद्धा, कारण तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं यांचा फारसा संबंध नाही. मुलांसाठी सीमा गुडघा, आणि मोठं माणूस मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभं, किनाऱ्याकडच्या नव्हे. आक्षीकडच्या खाडीच्या मुखाशी अजिबात उतरू नका. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी तिथून जोरात बाहेर पडतं. जेवून लगेच, दारू पिऊन किंवा सूर्यास्तानंतरही नाही. दारूबद्दल इथे सवलत देण्यासारखं खरोखरच काही नाही.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने जोर लावू नका, दमून जाल. पाण्यावर पाठीवर पडून राहा, हात वर करून हाक मारा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. ओढीचा पट्टा अरुंद असतो, बाजूला निघालात की लाटा परत आणतात.

दुसरं कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवताना दुसरा बुडाल्याच्या बातम्या कोकणात दर वर्षी येतात. दोरीचा कॅन फेका, जीवरक्षकाला किंवा बोटवाल्याला हाक मारा, ११२ ला फोन लावा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, रुग्णवाहिकेसाठी १०८.

माणूस बाहेर काढल्यावर त्याचं पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मध्यावर दाब देत राहा, मदत येईपर्यंत. माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी जिल्हा रुग्णालयात न्याच. ते अलिबाग गावातच आहे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

पाकटीचा काटा किंवा जेलीफिशचा डंख लागला तर चोळू नका, वाळू लावू नका. जेलीफिशचे दोरे चिमट्याने काढा, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात निदान अर्धा तास तो भाग बुडवून ठेवा. किनाऱ्यावरच्या चहावाल्याकडे गरम पाणी मिळतं. काटा आत राहिला असेल, जखम छाती-पोटावर असेल किंवा श्वास लागत असेल तर सरळ दवाखाना.

## टप्पा ८: खेळ आणि जेवण

बनाना बोट, पॅरासेलिंग वगैरेसाठी पैसे देण्याआधी परवाना विचारा. लाइफ जॅकेटची प्रत्येक बक्कल स्वतः ओढून बघा. जॅकेट खांद्याला धरून वर खेचलं आणि ते कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. बनाना बोट मुद्दाम उलटवतात. पोहता न येणाऱ्यांनी "उलटवू नका" हे चढण्याआधी सांगायचं.

मासळीच्या ताटासाठी ऑर्डर सकाळीच देऊन ठेवा. घरगुती खानावळीत दीडनंतर चांगले मासे संपलेले असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका. खाडीची मासळी, सुकट, सोडे यांवर जेवण उत्तम होतं. थंडीत आलात तर पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगांचा पदार्थ) आदल्या दिवशी सांगून ठेवा, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला आणायला यजमानांना वेळ लागतो. उन्हाळ्याच्या तोंडाला आलात तर पांढऱ्या कांद्याची माळ परतीला घ्या, आधी नाही, गाडीत उन्हाने खराब होते.

## टप्पा ९: निघताना

अंग आणि कपडे गोड्या पाण्याने धुऊनच गाडीत किंवा बसमध्ये बसा. पायाच्या कापलेल्या जागा पुन्हा बघा. कालवाची कापणी वरून लहान दिसते, पण आत कवचाचा कण राहिला तर दोन दिवसांत पिकते. साबण-पाण्याने धुवा, कण काढा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बऱ्याच वर्षांत घेतलं नसेल तर घरी गेल्यावर लगेच घ्या.

किनाऱ्यावर उघडलेलं प्रत्येक पाकीट आणि बाटली तुमच्या पिशवीत परत आली का मोजा. काच विशेषतः. फुटलेली बाटली भरतीने वाळूखाली जाते आणि पुढच्या ओहोटीला अनवाणी येणाऱ्या मुलाच्या पायात जाते.

मांडव्याहून गेटवेला परतणार असाल तर शेवटच्या बोटीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून ठेवा आणि तिच्या आधीची बोट पकडण्याच्या हिशेबाने अलिबागहून बस घ्या. रविवारी संध्याकाळी बसला आणि जेट्टीला, दोन्हीकडे रांग असते. रस्त्याने जाणाऱ्यांनी रविवारी एकतर दुपारी तीनपूर्वी वडखळ पार करावं, नाहीतर जेवून रात्री नऊनंतर निघावं.